पलटण कोणती ?

सैन्यांतून निवृत्त झालेल्या दोन अनोळखी गृहस्थांची गांठ पडली म्हणजे पहिला प्रश्न नांवाचा किंवा गांवाचा होत नाहीं. तो होतो पलटणीचा. सातारा, सांगली, कोल्हापूर अशा शहरांत माजी सैनिकांच्या कँटीनसमोर जी रांग लागते, तींत घटकाभर उभें राहिलें तर हा प्रश्न कानांवर पडल्यावांचून राहत नाहीं. ‘जंगी पलटण’ असें उत्तर आलें तर समजावें कीं समोरचा मनुष्य मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचा. ‘काळी पांचवी’ म्हटलें तर दुसरीचा. आणि उत्तर ‘नेव्ही’ किंवा ‘एअर फोर्स’ असें आलें, तर रांगेंतील चार माना एकदम वळतात व थट्टेला तोंड लागतें.

पायदळाचा हवालदार म्हणतो, विमानदळवाल्यांनीं सारी लढाई गादीवर झोपून केली. विमानदळाचा मनुष्य सांगतो, नुसतें चालावयास शिक्षण लागत नाहीं. नौसैनिक दोघांनाहि विचारतो कीं, पायांखालची भुई हलत असतां तुम्ही कधीं ताटावर बसलां आहां काय ? तोफखान्याचा वृद्ध नाईक आपणांस कमी ऐकूं येतें असें दाखवून प्रत्येक टोमणा दोनदां वदवून घेतो.

ऐकणाऱ्या मुलाबाळांना हा पोरखेळ वाटतो. परंतु त्याचें मूळ सैन्याच्या रचनेंतच आहे. भूदलांतला शिपाई भरती होतो तो केवळ सैन्यांत नव्हे, सैन्याच्या एका विशिष्ट घरांत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा रंगरूट बेळगांवीं घडतो, महार रेजिमेंटचा मध्य प्रदेशांत सागर येथें, मुंबई सॅपर्सचा खडकीस. आरमाराच्या यांत्रिकांचें शिक्षण लोणावळ्याजवळ ‘शिवाजी’ या संस्थेंत होतें. प्रत्येक घराचा कुळाचार वेगळा, घोषणा वेगळी, उत्सवाचा दिवस वेगळा. अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षें एका पंगतीस जेवतात, व पुढें दलें वेगळीं झालीं तरी ती ओळख टिकते. शिपायाला मात्र दुसऱ्या दलाचा मनुष्य निवांत भेटतो तो बहुधा निवृत्तीनंतर. आणि तो निवृत्त होतो चाळिशीच्या आंतबाहेर. लढाई त्यानें आपल्या खंदकाच्या उंचीवरून पाहिलेली असते. उरलेली लढाई त्याला या रांगेंत ऐकावयास मिळते.

थट्टेचे कांहीं विषय ठरीव आहेत. सलाम हा त्यांतला पहिला. भूदलाचा शिपाई तळहात समोरच्यास दिसेल असा उघडा ठेवतो. नौसैनिकाचा तळहात खालीं वळलेला असतो. विमानदळ पूर्वीं भूदलाप्रमाणेंच सलाम करीत असे. २००६ पासून त्यानें हात तिरपा धरण्याची मधली रीत पत्करली. डांबर व दोरखंड हाताळून काळे पडलेले तळवे वरिष्ठांच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून नौसैनिक हात लपवितो, अशी कथा खुद्द आरमारांत सांगतात. पायदळाचे लोक ती अधिक चवीनें सांगतात. हुद्द्यांचा घोळहि असाच. भूदलांतला कॅप्टन हा बहुधा तरुण अधिकारी, तर आरमारांतला कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा. लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलाचे वडील कॅप्टन होते’ एवढेंच कानीं आलें, तर कोणत्या दलाचे, हें विचारून घेणें श्रेयस्कर.

पण थट्टा रंगते ती पराक्रमाच्या वाटणीवरून. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या इंग्रजी नांवाचें शिपायांच्या तोंडीं ‘सफरमैना’ झालें. या सफरमैनावर पायदळाचा ठरलेला आरोप असा कीं, लढाई आटोपल्यावर हे फावडीं घेऊन येतात. मग खडकीचा मनुष्य राजौरीची हकीकत काढतो.

१९४८ च्या एप्रिलांत भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघालें. ८ तारखेस डोग्रा पलटणीनें बरवालीची टेकडी घेतली. परंतु पुढील रस्ता सुरुंगांनीं व आडव्या पाडलेल्या झाडांनीं बंद केलेला होता व रणगाडे जागच्या जागीं अडले. वाट मोकळी करण्याचें काम मुंबई सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या तुकडीवर आलें. राणे हे कारवारजवळच्या चेंडिये गांवचे. आरंभींच उखळी तोफांच्या माऱ्यांत तुकडींतले दोघे ठार व पांच जखमी झाले; त्या पांचांत राणे स्वतः होते. तरीहि सुरुंग काढीत, झाडें उडवीत त्यांचें काम चालूच राहिलें. वाटेंत गोळ्यांचा वर्षाव असा होता कीं उघड्यावर उभें राहणें अशक्य. तेव्हां ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखालीं शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि हातांतल्या दोऱ्या ओढून वरच्या चालकाला खुणा करीत राहिले. १२ एप्रिलला राजौरी हातीं आली. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालें. तें हयातींत मिळविणारे ते पहिले.

आतां ही हकीकत कोण सांगतो त्याप्रमाणें तिचा आरंभ बदलतो. पायदळाचा मनुष्य टेकडीपासून आरंभ करतो, रणगाडेवाला चालकापासून, सफरमैना दोरीपासून. तिघांचेंहि म्हणणें खरें असतें. टेकडी शत्रूकडे राहती तर रस्त्यावर पाऊल टाकतां न येतें. रस्ता न निघता तर रणगाडे तेथेंच गंजत बसते. आणि रणगाड्याचें पोट वर नसतें तर राणे कोठें सरपटते?

टांगाईलचा किस्सा याहून खेळकर आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजीं तत्कालीन पूर्व पाकिस्तानांत टांगाईलजवळ भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले. ही दुसरी पॅरा पलटण म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. यशवंत घाडगे यांनीं १९४४ सालीं इटलींत जींत राहून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तीच. १६ डिसेंबरला ढाक्यांत प्रथम शिरण्याचा मानहि तिचाच. ही बढाई कानीं पडली कीं विमानदळाचा मनुष्य विचारतो, “पण टांगाईलपर्यंत तुम्हांला नेलें कुणी, सुभेदारसाहेब ?” त्यावर ठरलेलें उत्तर : “नेलंत खरं, पण अर्ध्या वाटेवर हवेंतच सोडून दिलंत !”

लोंगेवालाचें नांव निघालें म्हणजे मात्र हंसणें जरा बेतानें होतें. १९७१ च्या डिसेंबरांतील ४ व ५ या तारखांच्या मधल्या रात्रीं राजस्थानच्या वाळवंटांतील या ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालीं पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी तेथें होती. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्रीं लढण्याची सोय नव्हती. तीं उजाडतांच आलीं आणि उघड्या वाळवंटांत रणगाड्यांचा धुव्वा उडाला. विजय कोणाचा ? या प्रश्नावर निवृत्त अधिकाऱ्यांत पुढें जाहीर वाद माजला, आणि १९९७ च्या ‘बॉर्डर’ चित्रपटानें तो शमला नाहीं. श्रेय ही सैनिकाची मिळकत असते; ती दुसऱ्याच्या नांवावर चढली म्हणजे थट्टा संपते. खरें पाहतां रात्रीं ठाणें रिकामें झालें असतें तर रणगाडे पुढें गेले असते, आणि पहाटे विमानें आलीं नसतीं तर तें ठाणें दुपार पाहतें ना. लेखी वादांत हीं दोन वाक्यें क्वचितच शेजारीं बसतात. रांगेंत तीं बसतात, कारण रात्रभर खंदकांत उजाडण्याची वाट पाहणें म्हणजे काय, हें तेथें कोणास समजावून द्यावें लागत नाहीं.

या सगळ्या गलबल्यांत एक मनुष्य बहुधा गप्प असतो. तो शिधासामुग्री वाहणाऱ्या दलाचा गाडीवान असतो, किंवा आचारी, किंवा कारकून. त्याला ‘रेशनवाला’ म्हणून हंसतात, व तोहि हंसतो. त्याच्या छातीवर सहसा मोठें पदक नसतें, आणि त्याच्या कामाचा चित्रपट निघत नाहीं. मात्र बर्फांत काढलेल्या हिंवाळ्याची कोणतीहि आठवण ऐकावी. ती हटकून ‘गाडी आली त्या दिवशीं’ किंवा ‘गाडी आली नाहीं तेव्हां’ येथूनच सुरू होते. तो रस्ता कसा होता, हें एखाद्यानें त्याला विचारलेंच तर रांग पुढें सरकली तरी त्याचें सांगणें संपत नाहीं.

आणि एका नांवापाशीं सर्वांचीच थट्टा थांबते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवजवळच्या समुद्रांत पाकिस्तानी पाणबुडीनें ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं आपलें जहाज सोडलें नाहीं. दीवला समुद्रासमोरच्या उंचवट्यावर कांचेच्या पेटींत त्या नौकेची प्रतिकृति ठेवलेली आहे. रांगेंतल्या नौसैनिकानें ‘खुकरी’चें नांव काढलें कीं पायदळाचा हवालदार हलत्या भुईचा विनोद करीत नाहीं. आपल्या भागांतलें कोणी तीवर होतें काय, एवढेंच तो विचारतो.