ओढ्याकाठचं गवत उपटू नका!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या पिंपरी-चिंचवडला राहतात, त्यांतल्या कितीजणींना ठाऊक आहे, की आपण सकाळी भरतो ते पवनेचं पाणी धरणातून थेट नळाला येत नाही? धरणातून सोडलेलं पाणी आजवर नदीच्या उघड्या पात्रातूनच, मावळातली गावं आणि भातखाचरं मागे टाकत, रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येत आलं आहे. तिथून ते उचलायचं, शुद्ध करायचं आणि मग घरोघर पोचवायचं. तेव्हा वाटेतल्या काठावर काय उगवलंय, हा प्रश्न थेट आपल्या हंड्या-कळशीचा आहे.

लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. डोंगरउतारावरून धावत येणारं पाणी माती, शेतातलं खत, गोठ्यातली घाण, रस्त्यावरचं तेल असं सगळं बरोबर घेतं. काठ उघडाबोडका असेल तर हे सारं सरळ नदीत! पण काठाला गवत, लव्हाळं, झुडपं असली की पाण्याचा वेग मोडतो. घागरीत तुरटी फिरवून पाणी निवत ठेवलं की गाळ खाली बसतो ना? इथे तुरटी नाही, पण पाणी थबकलं की गाळ बसतो, हे तसंच. खतातलं स्फुरद मातीच्या कणांना चिकटून येतं, ते मातीबरोबरच अडतं. विरघळलेलं नत्र बरंचसं मुळं शोषून घेतात. नाही अडलं, तर याच खुराकावर जलपर्णी माजते, मग कुजते, आणि पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात.

मावळात हा पट्टा कुणाला मुद्दाम लावावा लागत नव्हता. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, निर्गुडी आपसूक उभी असायची. महापुरात वृक्ष वाहून जातात आणि लव्हाळी टिकते, हा देहूच्या तुकोबांचा दाखला तर सर्वांच्या तोंडी आहे. आता मात्र ओढ्यालगत बंगला झाला, की पहिलं काम काठ ‘साफ’ करण्याचं! मग काँक्रीटची भिंत, वर परदेशी हिरवळ आणि तिला दर महिन्याला युरिया. दिसायला टापटीप खरी. पण भिंत पाणी गाळत नाही, आणि हिरवळीची तोकडी मुळं काठ धरून ठेवत नाहीत. मला तर हा पैसे देऊन नदी नासवण्याचा प्रकार वाटतो.

एवढं मात्र स्पष्ट सांगते, की हिरवा पट्टा म्हणजे जादू नव्हे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी आळंदीला पोचते तेव्हा 2024 सालीही तिच्यावर पांढऱ्या फेसाचे थर होते. तो फेस सांडपाण्याचा आणि कारखान्यांच्या पाण्याचा. नळीतून थेट नदीत पडणारी घाण गवत कशी अडवणार? तिला शुद्धीकरण केंद्रच हवं, आणि त्यासाठी नगरपालिकेला धारेवर धरायला हवं.

तुमचं माहेर मावळात असेल, शेत किंवा घर ओढ्याकाठी असेल, तर घरच्यांना एवढं सांगाच. काठापासून तीस फूट जागा सोडली तर उत्तम. तेवढी नसेल तर दहा-पंधरा फूट तरी सोडा. उतार जास्त असेल तिथे पट्टाही रुंद हवा. त्यात खत टाकायचं नाही, उन्हाळ्यात गवत पेटवायचं नाही. गुरांना पाण्यावर उतरायला एकच वाट ठेवा, सगळा काठ तुडवू देऊ नका. धुण्याचं साबणाचं पाणी ओढ्यात न सोडता अळू-केळीच्या आळ्यात सोडा. घाणेरीचं रान माजलं असेल तर ते मात्र काढा, पण एकदम नाही, नाहीतर माती उघडी पडते. थोडं काढावं आणि लगेच तिथे दुसरं लावावं.

रोपांना फार खर्च नाही. पहिल्या पावसात निर्गुडीच्या आणि वाळुंजाच्या फांद्या ओल्या मातीत खोचल्या तरी जगतात. निर्गुडीला शेळ्याही तोंड लावत नाहीत, म्हणून बाहेरच्या बाजूला तीच लावावी. कुंपणाचा खर्च वाचतो.