मेक्सिकोतली रुई

आंगांगेओ (मिचोआकान), फेब्रुवारी

काल घोड्यावरून सिएरा चिंकुआच्या जंगलात चढलो. उंची तीन हजार मीटरच्या वर, हवा गार. ओयामेल या सूचिपर्णी झाडांच्या फांद्या वाळक्या पानांच्या ओझ्याने वाकल्यासारख्या दिसत होत्या. ढग सरला, ऊन पडलं आणि ती पानं उघडली. केशरी, काळ्या रेघांची! मग पंखांचा आवाज सुरू झाला, पऱ्हाटीवर पावसाची झिमझिम लागावी तसा.

ही मोनार्क फुलपाखरं. उन्हाळ्यातल्या पिढ्या दोन ते सहा आठवड्यांत संपतात. शरदात जन्मलेली पिढी मात्र सात-आठ महिने जगते आणि कॅनडा-अमेरिकेतून हजारो किलोमीटर उडत, कधीही न पाहिलेल्या या डोंगरावर उतरते. संशोधकांना हा मुक्काम १९७५ साली सापडला; गावाला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

फलकावर नाव आहे ‘मारिपोसा मोनार्का’, म्हणजे सम्राट फुलपाखरू. शेतकऱ्यांचं नाव वेगळं: ‘कोसेचादोरा’, कापणीवाली, मका काढायच्या वेळी येते म्हणून. ती पोचते १-२ नोव्हेंबरच्या सुमारास, मृतांच्या सणाला. आपल्या सर्वपित्रीसारखंच घरोघरी पान वाढलेलं असतं, भोवती झेंडू (तो मूळचा इथलाच), आणि फुलपाखरं म्हणजे परतलेले पितर.

जंगल ‘एहिदो’चं, म्हणजे क्रांतीनंतर गावाला सामूहिकरीत्या मिळालेल्या जमिनीचं. तोडीवर निर्बंध आले, तशी तिकिटं, घोडे आणि मक्याच्या भाकरीचे ठेले हीच गावाची सुगी झाली. पण १९९६-९७ च्या हिवाळ्यात फुलपाखरांनी पंचेचाळीस एकर जंगल व्यापलं होतं; २०१३-१४ मध्ये दोन एकरही नाही. इथली चोरटी तोड एक कारण. दुसरं अमेरिकेतल्या मका-सोयाबीनच्या वावरांत: तणनाशकाने अळीचं एकमेव खाद्य असलेलं दुधाळ झाड गेलं.

त्या झाडाला इथे ‘आल्गोदोन्सियो’ म्हणतात, छोटा कापूस. शेंग उकलली की पांढऱ्या म्हाताऱ्या उडतात. “तुमच्याकडे काय म्हणतात?” वाटाड्याने विचारलं. त्याच कुळातली आपली रुई. बिबळ्या कडवा हा मोनार्कचा भाऊबंद तिच्यावर वाढतो. आणि जिनिंगमध्ये सरकी काढल्यावर उरते तीही रुईच, हे सांगितल्यावर तो खूप वेळ हसला.

रात्री यवतमाळला फोन केला: धुऱ्यावरच्या रुईवर फवारा मारू नका. घरून उत्तर आलं, “कोण मारते? शनिवारी मारुतीले पानं लागतात ना!”