मूत्राशयाचा दाह
रायपुरात वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तरीही वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही, म्हणून कित्येक स्त्रिया पाणी पिणेच टाळतात. मूत्राशयाच्या दाहाला हे आयतेच निमंत्रण होय. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरांचा, आतड्यातील ई. कोलाय जंतू त्यातून सहज वर चढतात आणि तुंबलेल्या मूत्रात वाढतात. मग लघवीला जळजळ होते, पुनःपुन्हा लागते. यात लाजण्याजोगे काहीच नाही. लघवी तपासून घ्यावी. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक मध्येच बरे वाटले तरी पुरे करावे. थंडीताप, कुशीत दुखणे वा गर्भारपण असल्यास एक दिवसही दवडू नये. घराबाहेर पडताना पाणी तोडू नये, आणि स्वच्छतागृहाची सोय मागताना संकोचू नये.