टेकडी जपली, आता मुठा

खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले की पुण्यात बातमी होते ती भिडे पूल बुडाल्याची. त्याआधीच ते पाणी वारज्याच्या कडेने पुढे गेलेले असते, पण तिकडे फारसे कुणाचे लक्ष नसते.

वारजेकरांची पावले सकाळी वळतात ती टेकडीकडे, आणि त्या पावलांनी मोठे काम केले आहे. येथील वनखात्याच्या १६.८ हेक्टर उजाड जमिनीवर २०१५-१६ पासून लोकांच्या साथीने झाडे लागली. पुढे तेथे पक्ष्यांच्या २९ आणि फुलपाखरांच्या १५ जाती नोंदल्या गेल्या. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशभरात २०० नागरी वनांची योजना जाहीर केली, तेव्हा दाखला दिला तो वारज्याचा.

टेकडी उतरून नदीवर आले की चित्र पालटते. १८७९ मध्ये पूर्ण झालेल्या खडकवासला धरणाचे पाणी कालव्यात आणि शहराच्या नळांत जाते. पावसाळा सरला की पात्रात उरते ते बहुतांशी सांडपाणी. तरी काठ ओसाड नाही. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलातले किडे टिपत फिरतात, टिटवी ओरडते, दगडावर धोबी शेपूट हलवत बसतो. शेकाट्यांचे थवे पाहून हरखून जाण्याआधी एक ध्यानात घ्यावे: हा पक्षी घाण पाण्यातही तग धरतो. खाली विठ्ठलवाडीला ‘जीवितनदी’ संस्थेचे कार्यकर्ते काठ स्वच्छ करतात, लोकांना नदीकाठाने फिरवून मुठेची ओळख करून देतात. असे काम वारज्याच्या काठावरही रुजायला हवे.

वल्हे मारायचे तर मुळा-मुठेचा संगमच गाठावा लागतो. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे तेथे पाणी संथ राहते. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी विद्यापीठाचा, बोट क्लब १९२८ पासूनचा. त्याच्या ‘रेगाटा’त विद्यार्थी कयाक आणि पंट चालवतात. पुण्यातच, लष्कराच्या केंद्रात, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

वारज्याच्या उथळ, खडकाळ पात्रात होडी चालणार नाही, पण पायी फिरता येते. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी टेकडीऐवजी नदीकडे वळा, मुलांना आणि दुर्बिणीला सोबत घ्या. पावसाळ्यात मात्र धरणाच्या विसर्गाची सूचना असेल तर पात्रात उतरू नका.