शेवळं घेताना काकडं का घ्यावीत?

जूनमध्ये पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की दादर स्थानकाबाहेर पालघर, कर्जत, मुरबाडकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांच्या पाट्या घेऊन बसतात. पाटीत शेवळाच्या जुड्या असतात आणि शेजारी बोराएवढ्या हिरव्या फळांचे वाटे. शेवळं मागितली की बाई विचारते, "काकडं नकोत का?" नवख्या गिऱ्हाइकाला ही जास्तीचा माल खपवण्याची युक्ती वाटते. मलाही पूर्वी तसेच वाटले होते. काकडांवाचून केलेली भाजी दोन घास खाल्ली आणि घसा संध्याकाळपर्यंत खवखवत राहिला. वनस्पतिशास्त्राची पदवी तेव्हा गाठीशी होती, पण तिचा उपयोग झाला नाही.

शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटेटस या वनस्पतीचा न उमललेला फुलोरा. सुरण याच प्रजातीतला आणि अळू याच कुलातले. या कुलातील वनस्पतींच्या काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. चावताना त्या जिभेत आणि घशात रुततात. हे लवण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नुसते उकळून सुया नाहीशा होत नाहीत.

शिवाय त्रास एकट्या सुयांचा नसतो. किवीच्या फळातही अशाच सुया आणि प्रथिने तोडणारे विकर असते. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये ही दोन्ही द्रव्ये सुरवंटांना वेगवेगळी खायला घातली, तेव्हा परिणाम किरकोळ झाला. एकत्र घातली, तेव्हा तो कितीतरी पटींनी वाढला. सुई भोक पाडते आणि विकर त्यातून आत शिरते. अळूच्या सुयांशी निगडित असलेले असे प्रथिनही आढळले आहे.

आता भाजीची कृती पाहू. शेवळाचे वरचे आवरण काढायचे, मधल्या दांड्याचा पिवळसर दाणेदार भाग खाजरा म्हणून टाकून द्यायचा, उरलेले बारीक चिरून तेलात परतायचे आणि काकडांच्या रसात शिजवायचे. काकड हे गरुगा पिन्नाटा या झाडाचे आंबट-तुरट फळ. खाजरा भाग आधीच गेलेला असतो, उष्णतेने प्रथिने निकामी होतात आणि आम्लात ऑक्झलेटची विद्राव्यता काहीशी वाढते. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो, त्यामागेही हाच अनुभव आहे.

प्रत्येक वनस्पतीवर हाच उपाय चालतो असे मात्र नाही. कडूकंद, म्हणजे डायोस्कोरिया बल्बिफेरा, यात डायोसबल्बिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि ती यकृताला घातक आहेत. तेथे आंबटाचा उपयोग नाही. म्हणून कंदाच्या चकत्या करून त्या राखेबरोबर उकडतात, ते पाणी ओतून देतात आणि चकत्या वाहत्या पाण्यात ठेवतात. विष वेगळे, म्हणून रीतही वेगळी. घरातले धान्य संपत आलेले असताना, चुकीची किंमत आपल्याच माणसांनी मोजून, या रीती पिढ्यान्पिढ्या पक्क्या झाल्या आहेत.

म्हणजे वनस्पतीचे नाव कळले की ज्ञान मिळाले, असे होत नाही. कोणता भाग, कोणत्या दिवसांत, कोणत्या रीतीने आणि किती घ्यायचा, हे सारे मिळून ते ज्ञान होते. त्यातला एखादाच तुकडा उचलला तर काय होते, हे फोडशीवरून दिसते. फोडशी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी एकीला फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात बोरिवलीवरून क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम हे नाव दिले. भाजीसाठी तिची कोवळी पाने कापतात. मुळे जमिनीत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा पालवतात. हीच मुळे बाजारात 'सफेद मुसळी' या नावाने शक्तिवर्धक म्हणून विकली जातात. मागणी वाढली तशी झाडे मुळांसकट उपटली गेली आणि रानात ती दुर्मिळ होत गेली. शेवळाचेही भान ठेवले पाहिजे. फुलोरा कापला तरी कंद जगतो. पण सगळेच फुलोरे शहरात आले तर बी कशातून धरणार?

अमेरिकेत दिलेले हळदीचे पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण आपल्याकडे लेखी पुरावे होते. तोंडी चालत आलेल्या ज्ञानाला असा आधार सहजी मिळत नाही. म्हणूनच २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात.

शहरातील शाळांनाही या कामाची तोंडओळख करून देता येईल. पावसाळ्यात विद्यार्थ्यांना दादर, लालबाग किंवा गिरगावच्या मंडईत न्यावे. भाजीचे स्थानिक नाव, खाण्याचा भाग, हंगाम, शिजवण्याची रीत आणि रानात काय ठेवून यायचे, हे पाच प्रश्न विचारावेत. सांगणाऱ्या बाईची परवानगी घेऊन माहितीसोबत तिचे नावही लिहावे, कारण ज्ञान तिचे आहे. अनोळखी पाला किंवा कंद कोणीही चाखून पाहू नये. आणि शेवळं घेतलीत तर तिने पुढे केलेली काकडंही घ्यावीत.