जग्वारच्या डोळ्यांतली आग

कड्यावर मकाव पोपटांचं घरटं होतं. पिल्लं हवी म्हणून दाजींनी धाकट्या मेहुण्याला, बोतोकेला, शिडी लावून वर चढवलं. पिल्लं नाहीत, दोन अंडीच आहेत, असं त्यानं वरून सांगितलं. ‘मग तीच टाक.’ अंडी खाली येता येता दगड झाली आणि दाजींच्या हातावर आदळली. दाजी भडकले, शिडी काढून चालते झाले.

ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या कायापो लोकांची आगीची कथा अशी घरगुती भांडणानं सुरू होते. तेव्हा माणसं मांस कच्चंच खात. आग होती जग्वारकडे, धनुष्यबाणही त्याच्याचकडे. भुकेनं अर्धमेला झालेला बोतोके वरून पाहतो, तर ठिपकेवाला जग्वार शिकार घेऊन चाललेला. जग्वारला जमिनीवर पोराची सावली दिसते आणि आधी तो सावलीवरच झडप घालतो! मग वर बघतो, शिडी लावतो, पोराला पाठीवर घेऊन घरी नेतो. तिथं जटोबाच्या झाडाचा ओंडका धगधगतोय. बोतोके पहिल्यांदाच भाजलेलं मांस खातो. जग्वारला मूलबाळ नसतं. तो पोराला लेक मानतो. जग्वारची बायको मात्र पोराला वाळके तुकडे देते, बोचकारते. जग्वारच त्याला धनुष्यबाण देतो आणि वेळ आली तर तिच्यावर चालव म्हणतो. वेळ येते. तिला मारून पोरगा भाजल्या मांसाचा तुकडा घेऊन रात्री अंधारात चाचपडत आईच्या अंथरुणाशी पोचतो.

मग गावकरी जाऊन आग उचलून आणतात. एका कथनात जळता ओंडका टापिर हा प्राणी वाहून आणतो. जग्वार कृतघ्नपणानं असा दुखावतो, की भाजलेलं मांस कायमचं सोडतो. आगीचं फक्त प्रतिबिंब त्याच्या डोळ्यांत उरलंय.

मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९६४च्या आपल्या ग्रंथाला ‘कच्चं आणि शिजवलेलं’ या अर्थाचं नावच दिलं. निसर्ग आणि संस्कृती यांमधली सीमा त्यांना अशा कथांत दिसली. मांडणी देखणी आहे, पण तिच्यात पोराची भूक हरवते. १९६२पासून कायापोंमध्ये काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ टेरेन्स टर्नर मला जास्त पटतात. ते गावाकडे बघतात. वर्तुळात बायकांची घरं, मधोमध पुरुषांचं घर. जुन्या रीतीनुसार मुलगा थोडा मोठा झाला की आईचं घर सोडून मधल्या घरात झोपायला जातो आणि लग्नानंतर बायकोकडे राहतो. म्हणजे बहिणीचा नवरा ज्या घरात येतो, त्याच घरातून भाऊ बाहेर पडत असतो. दाजींनी शिडी काढली, ती या घरात.

कायापोंच्या आणखी एका कथेत त्यांचे पूर्वज आभाळातले. आर्मडिलो या प्राण्याच्या मागे खणता खणता शिकाऱ्याला आभाळाला भोक पडलेलं दिसलं, खाली जंगल दिसलं, आणि माणसं सुती दोर सोडून उतरली. जुन्या कथांत अंतराळवीर शोधणाऱ्या लेखक एरिक फॉन डॅनिकेनसाठी हे आयतं खाद्य होतं. त्यानं कायापोंच्या कथेतला बेपकोरोरोती अंतराळवीर ठरवला. समारंभातला गवती पोशाख म्हणजे त्याचा सूट! डॅनिकेन आपल्याकडेही चवीनं वाचला गेला, मीही वाचला. नंतर मूळ कथा वाचली तेव्हा हसू आलं. बेपकोरोरोती हा गावातलाच शिकारी. टापिर मारला, कापला, पण वाटणीत त्याला डावललं. त्यानं डोकं भादरलं, अंगाला काळा-लाल रंग फासला, डोंगरावर गेला आणि ओरडला. वीज पडली, माणसं मेली, तो वर निघून गेला. गडगडतो तो तोच. अजून त्या मांसावरून.