रक्ताचा कर्करोग उलटतो तेव्हा : 'मुलांवर प्रयोग' म्हणजे नक्की काय?

'ट्रायल' हा शब्द आपल्याला नवा नाही. निघोजे-महाळुंगेच्या एमआयडीसी पट्ट्यात राहणाऱ्यांना तर नाहीच नाही. नवी गाडी बाजारात येण्याआधी तिच्या ट्रायल होणारच. पण हाच शब्द आजारी मुलांच्या बाबतीत आला की आपण दचकतो. "मोठ्या हॉस्पिटलांत मुलांवर प्रयोग करतात," हे वाक्य मी आपल्या मेसमध्येच दोन-तीनदा ऐकलंय. अशा बोलण्यामुळे एखादे आईवडील उपचारच नाकारू शकतात. म्हणून थोडं वाचून जे समजलं ते इथे मांडतो.

आधी आजार समजून घेऊ. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (एएमएल) या आजारात तिथे अर्धवट वाढलेल्या पेशींची बेसुमार पैदास होते. मग कामाच्या पेशींना जागाच उरत नाही. मूल फिकं पडतं, ताप हटत नाही, अंगावर काळेनिळे डाग उठतात. सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही यावरची जुनी, भरवशाची जोडी. त्याने बरीच मुलं बरी होतात; पण साधारण एक-तृतीयांश मुलांमध्ये आजार उलटतो. यालाच रिलॅप्स म्हणतात.

आता जरा आपल्या आवडीचं गणित! निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी (१०चा १२वा घात) खराब पेशी असतात असं धरा. अमेरिकेतल्या हॉवर्ड स्किपर यांनी १९६०च्या दशकात उंदरांवर दाखवून दिलं की औषधाचा ठरावीक डोस पेशींची ठरावीक संख्या नव्हे, तर ठरावीक टक्केवारी मारतो. ९९.९ टक्के पेशी मेल्या तरी १०० कोटी उरतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मगज मात्र साफ दिसू शकतो. दुसरी अडचण अशी की दर दहा लाखांत एक पेशी एखाद्या औषधाला दाद देत नसेल, तर अशा निबर पेशी झाल्या दहा लाख. पण वेगळ्या पद्धतीने मारा करणारं दुसरं औषध जोडलं, तर दोन्हींना पुरून उरणारी पेशी जेमतेम एक! क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधं देतात, त्यामागेही हाच हिशोब आहे. प्रत्यक्षात पेशी इतक्या सरळ वागत नाहीत. काही पेशी एकाच 'पंपाने' अनेक औषधं बाहेर फेकतात. शिवाय आजार उलटतो तेव्हा समोर असतात त्या पहिल्या माऱ्यातून वाचलेल्या पेशी. म्हणून नवी जुळणी लागते.

अशीच एक जुळणी म्हणजे 'फ्लॅग'. यात आधी फ्लुडाराबिन देतात आणि काही तासांनी सायटाराबिन. पहिल्यामुळे दुसऱ्याचं क्रियाशील रूप पेशीत जास्त साठतं. सोबतचं जी-सीएसएफ सुस्त पेशींना विभाजनाला लावतं, म्हणजे त्या औषधाच्या तावडीत सापडतात. यात डॉनोरुबिसिन वाढवलं तर? ते हृदयाला इजा करतं आणि या मुलांनी ते आधीच भरपूर घेतलेलं असतं. म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत (लायपोसोममध्ये) भरून द्यायची कल्पना निघाली.

कल्पना कितीही छान असली तरी ती तपासावी लागते. २००१ ते २००९ या काळात अनेक देशांनी मिळून ३९४ मुलांची चाचणी केली. चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून निम्म्यांना नुसतं फ्लॅग, तर निम्म्यांना फ्लॅग अधिक लायपोसोमल डॉनोरुबिसिन दिलं. इथे नीट लक्ष द्या : कुणालाही 'साखरेची गोळी' दिली नव्हती. नेहमीचे चांगले उपचार दोन्ही गटांना मिळाले. प्रश्न फक्त जोड द्यावी की नाही एवढाच होता.

निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या कोर्सनंतर चांगला प्रतिसाद फ्लॅग गटात ७० टक्के, तर जोड दिलेल्या गटात ८० टक्के. टाळ्या वाजवाव्यात असाच आकडा! पण चार वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण एकूण ३८ टक्के होतं आणि दोन गटांत खास फरक नव्हता. युनिट टेस्टचे मार्क वाढले म्हणून सेमिस्टरचा निकाल सुधारतोच असं नाही, तसंच हे. तुलनेचा गट नसता, तर हे कळलंच नसतं.

अगदी नव्या औषधाचा डोस ठरवताना सावधगिरी आणखी वाढते. एका ठरलेल्या पद्धतीत आधी फक्त तीन मुलांना कमी डोस देतात. कुणालाही गंभीर त्रास झाला नाही तरच पुढची पायरी. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघं. दोघांना झाला तर तिथेच थांबायचं. आपल्याकडे पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करावी लागते.

आणि हे सगळं परदेशातच घडतं असं समजू नका. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून चालू आहे. तिथे १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी एएमएल झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर भावाचा मगज वापरून अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. भारतातलं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. आजही उलटलेला आजार औषधांनी आटोक्यात आणून मग प्रत्यारोपण करायचं, हीच मुख्य वाट आहे.

आता आपलं काम. या कोर्सनंतर काही आठवडे मुलाचा मगज रिकामा असतो आणि रक्तस्राव टाळायला प्लेटलेट पुन्हा पुन्हा लागतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे साठा करून ठेवता येत नाही. दाता ताजाच हवा. अठरा वर्षं पूर्ण झालेली, धडधाकट शेकडो मंडळी आपल्या होस्टेलमध्ये आणि स्टाफमध्ये आहेत. तेव्हा रक्तगट आणि मोबाईल नंबर यांची एक यादी रेक्टर सरांच्या ऑफिसात करून ठेवूया. वर्षातून एक शिबिर झालं की आपण मोकळे होतो. इथे मात्र फोन आला की त्याच दिवशी निघायची तयारी हवी. नाव द्यायला येताय ना?